पाय पोचला नाही

ती घटना माझ्या मानगुटीवरून आजतागायत उतरलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पुरात फुगलेली प्रेतं कृष्णेतून बाहेर काढली. घरी आलो, आंघोळ केली, जेवलो, झोपलो. पोलिसाला तसं करावंच लागतं, नाहीतर तो महिन्याभरात वेडा होईल. पण या प्रकरणात कुणी कुणाच्या जिवावर उठलं नव्हतं, कुणाला काही लुबाडायचं नव्हतं, आणि तरी मी जो हरलो तो हरलोच. आरोपीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. सुटका नव्हे, सवलत नव्हे. म्हणाला, "साहेब, आईला कळू देऊ नका." तेवढं काही मला जमलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूर शहराबाहेरचं एक ठाणं माझ्याकडे होतं. हद्दीत माळावर विमानांची धावपट्टी. मोठं विमान कधी यायचं, कधी महिनोन्महिने नाही. एका खासगी संस्थेची दोन छोटी विमानं मात्र अधूनमधून घिरट्या घालायची. बाकी तिथं पीक म्हणजे गवताचं. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत वाढायचं आणि आसपासच्या बायका कुंपणातल्या भगदाडातून आत शिरून ते कापायच्या. राखणदाराला ठाऊक होतं, अधिकाऱ्यांना ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू, मलाही ठाऊक होतं. म्हशी उपाशी आणि गवत वाळून चाललंय, तर कोण हटकणार? विमानाचा आवाज आला की बायका विळा थांबवून उभ्या राहायच्या, ते गेलं की परत वाकायच्या. रस्त्याकडेला उभं राहून एसटी जाऊ द्यावी, तसं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या जिल्ह्यात या दिवशी चालणारं एकही यंत्र पूजेवाचून राहत नाही. ट्रॅक्टर, लेथ, उसाचे चरक, शिलाई मशीन, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आम्ही ठाण्यात रायफली, बेड्या, वायरलेस संच मांडून पूजा केली होती आणि जीपपुढे मी स्वतः नारळ फोडला होता. ठाणे अंमलदार प्रसादाचं खोबरं वाटत असताना फोनवर वर्दी आली. विमान उतरल्यावर धावपट्टी सोडून गवतात घुसलं आणि एक बाई त्याखाली सापडली.

जीपची माळ न काढताच आम्ही निघालो.

विमान नाक जमिनीत खुपसून एका बाजूला कलंडलं होतं. बाईला कुणीतरी सरळ निजवलं होतं आणि तिच्या उशाशी बसला होता पायलट. पंचविशीतला पोरगा, कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यात उतरलेलं. विमानात तो एकटाच होता. बाईचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं होतं. मी नाडी पाहिली. संपलं होतं सगळं. तिच्या मुठीत कापलेल्या गवताची पेंढी तशीच होती. मी म्हणालो, "उठ बाबा." तो उठेना. शेवटी दोन हवालदारांनी काखेत हात घालून त्याला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा चालू असताना बाईचा नवरा आला. साखर कारखान्यातला हंगामी कामगार, काटक, रोखठोक माणूस. तो रडला नाही. बायकोच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला विचारलं, "सायेब, ही लोकं म्हणत्यात, ती इमानाच्या वाटंत आडवी गेलती. खरं हाय का?"

धावपट्टीवरच्या दोघातिघांनी ही आवई आधीच उठवली होती. माणूस मेला की त्याच्यावर ढकलून मोकळं व्हायचं, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. मी चाकांच्या खुणा मोजून घेतल्या. विमान धावपट्टीवर सरळ टेकलं होतं, बरंच अंतर सरळ धावलं होतं आणि मग एकदम डावीकडे वळून गवतात शिरलं होतं. बाई धावपट्टीपासून चांगली लांब, नेहमीच्या जागी उभी होती. मी त्याला म्हणालो, "नाही. तुझी बायको वाटेत नव्हती."

"मग इमान का वळलं?"

"ते मला शोधायचंय."

"शोधा की. मी रोज येतो," असं म्हणाला आणि खरोखरच रोज आला. ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा. चहा दिला तर घ्यायचा नाही.

कलम ३०४-अ, निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत होणे. पायलटवर गुन्हा दाखल झाला. कलम जामिनाचं, त्यामुळे डोक्याला पट्टी बांधून तो दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला आणि जबाबाला हजर झाला. शिरोळकडच्या शेतकरी घरातला, गावातला पहिला पायलट. बाप लहानपणीच गेलेला. आईनं स्वतः ट्रॅक्टर चालवायला शिकून लोकांची रानं नांगरून दिली आणि याला वाढवलं. हे त्यानं नाही, त्याला सोडायला आलेल्या चुलत्यानं सांगितलं. तो स्वतः एकच वाक्य बोलत होता. "माझा पाय चुकला. चूक माझी आहे."

आता, खुर्चीवर बसून मी एक गोष्ट शिकलो आहे. खरोखर चुकलेला माणूस आधी कारणं देतो. ऊन डोळ्यावर आलं, यंत्र जुनं होतं, वाऱ्याचा झोत आला, मला कालपासून बरं नव्हतं. दहा कारणं झाली की मग हळूच चुकीवर येतो. हा पठ्ठ्या पहिल्या मिनिटाला चूक हातात घेऊन उभा. एवढ्या घाईनं कबूल होणारा माणूस काहीतरी झाकत असतो.

विमानखात्याचे तपासनीस आले, त्यांनी सगळं उचकटून पाहिलं. ब्रेक शाबूत, चाकं शाबूत, पायाखालची पेडलं व्यवस्थित. मला त्यांनी साध्या भाषेत समजावलं. या विमानाला उजव्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाला, डाव्याचा डाव्या. दोन्ही सारखे दाबले तर ते सरळ थांबतं. एकच दाबला गेला तर त्या अंगाला फिरतं. "म्हणजे पायलटनं डावाच दाबला," ते म्हणाले. का दाबला, हे त्यांना सांगता येईना.

मग खबर आली, आणि तीही स्वतःच्या पायानं. कुंपणाबाहेर मेंढरं चारणारा एक धनगर ठाण्यात आला. पोलीस ठाण्यात यायला माणूस घाबरतो, पण पोटात गोष्ट राहिली की त्याहून जास्त घाबरतो. दारातूनच त्यानं सुरू केलं.

"सायेब, बाई मेल्यावर त्यो पोरगा रडत बसला हुता. मग उठला, मागं फिरून इमानात शिरला. लाल फडक्यात बांधल्यालं कायतरी काढलं आन् दिलं कुपणाबाहेरच्या उसात भिरकावून. परत येऊन बाईपाशी बसला. माझ्या डोळ्यानं बगितलं की!"

"त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"कुणी इचारलं का?"

खरं होतं, विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच विचार आला, तस्करी. सोनं असेल, गांजा असेल. पोराचा तो भला चेहरा आठवून मला त्याची चीड आली. बाईचं डोकं मांडीवर घेतो आणि माल लपवायला उठतो! दोन पंच घेतले, पाच शिपाई घेतले आणि उसात शिरलो. ऊस तोडणीला आलेला, पात्यांनी हात कापून निघत होते. बऱ्याच वेळानं एका शिपायानं सरीतून हाक मारली.

लाल फडकं होतं. गाठ सोडली. आत नारळ. सोललेला, शेंडी राखलेला, हळदीकुंकू वाहिलेला, आणि जोतिबाचा चिमूटभर गुलाल.

कुणी हसलं नाही. नारळाच्या एका बाजूला धातूचा आडवा ओरखडा होता, ताजा, आणि फडकंही तेवढ्याच जागी फाटलेलं. मी तो नारळ तसाच विमानापाशी नेला आणि उजव्या पेडलाखाली धरून पाहिला. ओरखडा बरोबर पेडलाच्या कडेला जुळला. नारळ तिथं असला की पेडल खाली जातच नव्हतं.

खंडेनवमीला ज्या हातानं मी जीपपुढे नारळ फोडला होता, त्याच हातात हा नारळ होता. नारळाला लाखेचं सील लागलं. मुद्देमाल कारकून म्हणाला, "साहेब, हा कुजणार की." मी म्हणालो, "कुजू दे. ठेव."

पायलटला बोलावलं. टेबलावर ते लाल फडकं ठेवलं. तो फडक्याकडे बघत राहिला.

"यातला नारळ कुणाचा?"

"माझा. मीच ठेवला होता."

"कशाला?"

"पूजेचा होता."

"खोटं बोलतोस. विमान उडवणारा माणूस पायापाशी नारळ ठेवून उडेल? आणि ठेवलाच असशील तर लपवलास कशाला? चूक तर तू आधीच कबूल केलीस."

मी बराच दरडावलो. आवाज माझा पहिल्यापासून मोठा, कोल्हापूरच्या मातीचा. पण तो 'पूजेचा होता' एवढंच परत म्हणाला. मग मी आवाज उतरवला. म्हणालो, "अरे, त्या बाईचा नवरा बाहेर बाकावर बसलाय. लोक त्याला म्हणतात, तुझी बायको आडवी गेली. त्याला मी काय सांगू?"

तिथं तो फुटला. टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला, टाके उसवतील असं. खंडेनवमीच्या सकाळी तो आईला विमान दाखवायला घेऊन आला होता. तिनं पंख्याला माळ घातली, कुंकू लावलं. लिंबू-मिरची बांधायला लागली तर यानं अडवलं. म्हणाला, "आई, विमानात सुटी वस्तू चालत नाही." मग तिला उचलून आत सीटवर बसवलं आणि पाणी आणायला गेला. तेवढ्यात तिनं हातातल्या पिशवीतला नारळ सीटखाली सारला. दुपारी उड्डाण झालं, विमान टेकलं, ब्रेक दाबला आणि नारळ गडगडत पुढं आला. निघण्यापूर्वी सीटखाली वाकून बघणं माझं काम होतं, मी बघितलं नाही, हे त्यानं तीनतीनदा सांगितलं.

"तिला माहीत नाही, साहेब. मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. पण आईला कळू देऊ नका. ती जगायची नाही."

पोलिसानं आरोपीला शब्द द्यायचा नसतो. मी दिला नाही. पण तिचा जबाब घ्यायचा तो तिच्या घरी जाऊन, महिला पोलीस बरोबर घेऊन, बेतानं घ्यायचा असं मी ठरवलं. चार दिवस जाऊ देत, म्हणून थांबलो.

ती थांबली नाही. एका सकाळी मी ठाण्यात आलो तर व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसलेली. साठीकडे झुकलेली, नऊवारी, हाताची बोटं पुरुषासारखी जाड. तिच्या शेजारी त्या मेलेल्या बाईचा नवरा. दोघं बोलत होते. एकमेकांना ओळखत असतील असं मला क्षणभर वाटलं.

ती विचारत होती, "पावणं, तुमचं काय काम हाय हितं?"

"बायकू गेली माझी. इमानाखाली."

तिनं तोंडावर हात घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, "त्ये इमान माझ्या पोराचं हुतं बाबा. लई वाईट झालं. माझ्या लेकीच्या वयाची आसंल." आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही, पण उठूनही गेला नाही.

मी तिला घाईनं आत घेतलं. नवरा उठून दाराशी येऊन उभा राहिला. त्याला हाकलायला हवं होतं म्हणाल, तर त्याचीच बायको मेली होती. कुठल्या तोंडानं हाकलू?

"काय काम काढलंत, मावशी?"

"सायेब, माझा नारळ द्या की. पोरगं म्हणालं, इमानातलं सगळं सामान पोलिसांनी न्हेलंय. लाल फडक्यात हाय. पोरगं सुखरूप आलं की त्यो जोतिबाला न्हिऊन वाढवायचा बोलले हुते मी. त्या नारळानंच वाचीवलं त्येला. एवढं इमान मोडलं, आन् नुसतं कपाळ खरचटलं बगा."

दारातून नवरा म्हणाला, "माझ्या बायकूनं न्हवता ठेवला नारळ."

ती त्याच्याकडे वळून हात जोडून म्हणाली, "व्हय रं बाबा. तिला बी राखायला पायजे हुतं त्येनं."

जबाब लिहून घेणारा रायटर हवालदार कागद पुढे ओढून बसला होता. मी त्याला थांब म्हणायच्या आत त्यानं नेहमीचा प्रश्न विचारून टाकला. सवयच असते. "नारळ कुठं ठेवलेला, मावशी?"

"शीटीखाली. त्यो म्हणालता, सुटं काय चालत न्हाय. म्हणून त्येला दिसू नये आसा, पार आत सारला. ट्रॅक्टरच्या पेटीत दरसाल ठेवते मी. आजवर कद्दी ट्रॅक्टरला खोड आली न्हाय."

हवालदाराची लेखणी थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अशा वेळी पोलिसांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणतात. दिसतं.

"का वो? का थांबलासा?" आणि मग, अगदी हळू, "कुठं घावला त्यो नारळ?"

मी काय करायला हवं होतं ते मला आजही कुणी सांगावं. आज ना उद्या तिचा जबाब व्हायचाच होता. दारात तो माणूस उभा होता, ज्याला मी 'शोधतो' म्हटलं होतं. मी म्हणालो, "पेडलाखाली, मावशी. उजव्या."

मला पुढं काही समजावावं लागलं नाही. ट्रॅक्टरलाही दोन चाकांचे दोन ब्रेक असतात, आणि ती आयुष्यभर ट्रॅक्टर चालवत आली होती. तिचा उजवा पाय फरशीवर आपोआप पुढं सरकला, काहीतरी दाबल्यासारखा.

"म्हंजे पोराचा पाय पोचला न्हाय," ती म्हणाली. "एकच बिरेक लागला. एकच लागला की गर्रकन फिरतंय त्ये."

"हो."

"मी ठेवला नसता तर ही बाई आज आसती?"

खुनी माणसांनी मला कोंडीत पकडायला बघितलंय, वकिलांनी पिंजऱ्यात घाम काढलाय. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी "हो" म्हणालो. ती रडली नाही, ओरडली नाही. उठली, दारात गेली आणि त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवलं. तो दोन पावलं मागं सरला.

"उठा," तो म्हणाला. "तुमी मुद्दाम न्हाय केलं. उठा म्हणतोय न्हवं!" ती उठेना, तेव्हा तिला तिथंच सोडून तो माझ्याकडे आला. "सायेब, राग धरायला तरी एक माणूस पायजे हुता मला. तुमी त्यो बी ठेवला न्हाईसा." त्या दिवसानंतर तो ठाण्यात आला नाही. एका परीनं त्याचं काम झालं होतं, बायको वाटेत आडवी गेली नव्हती हे कागदावर आलं होतं. त्याला त्याचा काय उपयोग झाला, देव जाणे.

दोषारोपपत्र पायलटवरच गेलं. सीट तपासणं त्याची जबाबदारी होती, त्यात शंका नव्हती. आईला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करावं लागलं असतं. तेवढं त्यानं टाळलं. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून मोकळा झाला. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. संध्याकाळी कोर्टाबाहेर पडला तेव्हा माझ्याकडे न बघता गेला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यानं बघितलं असतं तर मी काय बोलणार होतो?

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माझ्या खात्यात शिकवतात की गुन्ह्यामागं हेतू शोधा. लोभ, सूड, जमीन, बाई, एवढ्यात सगळं बसतं. इथं हेतू सापडला तो आईची माया. त्या मायेवर कुठलंही कलम लागत नाही आणि तिनं मारलेलं माणूस परत येत नाही. खरं बाहेर काढलं की कुणालातरी न्याय मिळतो, या भरवशावर मी वर्दी घातली होती. भरवसा त्यानंतर राहिला नाही. नोकरी केली, चोख केली, पण ती नोकरी म्हणून.

पुढं बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, शिरोळकडे एका लग्नाला गेलो होतो. रस्त्याकडेच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमधून एक माणूस हात पुसत बाहेर आला. तोच. केस पिकले होते. विमानात तो पुन्हा कधी बसला नाही. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मला राहवलं नाही, विचारलं, "आई कशी आहे?"

"आहे," तो म्हणाला. "जेवते, हिंडते, नातवंडांशी बोलते. फक्त मी घराबाहेर पडायला लागलो की आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. तोंडातून 'जपून जा' निघेल, म्हणून भिते."

चहा आला होता. आम्ही दोघांनी तो प्यायला, आणि मी निघालो.